आम्हांस अस्मान दिसले

शाळेच्या वार्षिक अंकासाठी ‘व्यायामाचे महत्त्व’ या विषयावर चार पाने लिहून द्यावीत, अशी आज्ञा संपादक-मंडळाच्या विद्यार्थ्यांनी आम्हांस केली, तेव्हा त्यांच्या मनात काय होते हे आम्ही ओळखून चुकलो. आमची मान आखूड आहे, मनगटे जाड आहेत, आणि लहानपणी केलेल्या कुस्त्यांनी दोन्ही कान चुरगळून गेलेले आहेत. असा मनुष्य वर्गात प्रयोग आणि समास शिकवितो, याचे मुलांस नेहमीच नवल वाटत आले आहे. त्यांस आमच्या विजयाच्या कथा हव्या होत्या. त्या फारशा नाहीत. ज्या आहेत त्या सांगून झाल्या आहेत, आणि प्रत्येक वर्षी त्यांतील प्रतिस्पर्धी थोडथोडा उंच होत चालला आहे, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या ध्यानी आलेच असेल. तेव्हा यंदा पराभवाची हकीकत सांगतो. तो पराभव आमच्याच शाळेतील एका मुलाने, आपल्या पेडणे महालाच्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात केला.

आमचे गाव बेळगावजवळचे. आमच्या लहानपणी तेथे देऊळ, शाळा आणि तालीम ही तीन ठिकाणे मुलांसाठी होती, आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंस सुट्टी असे. पहाटे चारला वस्ताद दारावर काठी आपटीत. मग जोर, बैठका, लाल मातीच्या हौद्यात खोरे घेऊन माती उकरणे, आणि त्यानंतर लढत. सोळाव्या वर्षी आम्ही एका दमात पाचशे जोर मारीत असू. वस्तादांनी आम्हांस पुष्कळ डाव शिकविले. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी धडा एकच होता : काहीही होवो, पाठ मातीला लागू द्यायची नाही. पोटावर पडा, गुडघ्यावर या, हवे तर मातीत तोंड खुपसा. पण पाठ टेकली की संपले. हरलेल्या गड्याला ‘अस्मान दिसले’ असे म्हणतात ते याचसाठी. पाठीवर पडलेल्या माणसास आकाशावाचून दुसरे काही दिसत नाही.

तालमीत आमचा एक जोडीदार होता. वयाने आमच्याएवढाच, बळाने आमच्याहून सरस. १९८७च्या वैशाखात एके सकाळी मेहनत संपवून आम्ही दोघे अंगाची माती धुण्यास मळ्यातील विहिरीवर गेलो. पायऱ्यांवर शेवाळ होते. त्याचा पाय सरकला. दोघांपैकी कोणासही पोहता येत नव्हते. आम्ही आमचे धोतर सोडून त्याला पंचा बांधला व खाली टाकला; तो हातभर उणा पडला. आम्ही ओरडलो. माणसे धावून आली, दोर आला, एकाने उडी घेतली. हे सगळे व्हावयास जितका वेळ लागला, तितका त्याला मिळाला नाही. तो शेवटपर्यंत पाण्याशी कुस्ती खेळत होता, इतके आम्ही पाहिले. त्या सकाळी आमच्या अंगात पाचशे जोर ताजे होते, आणि त्यांतील एकही कोणाच्या उपयोगी पडला नाही.

त्यानंतर घोट्याच्या वर पाणी येईल अशा जागी आम्ही उभे राहिलो नाही. पुढे नोकरी लागली ती नेमकी या किनाऱ्यावर. वरच्या मजल्यावरील आमच्या वर्गाच्या खिडकीतून माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्राची निळी रेघ दिसते. आमची खुर्ची त्या खिडकीकडे पाठ करून ठेवलेली असते. उजेड पाठीमागून यावा म्हणून ती तशी ठेवली आहे, असे आम्ही इतकी वर्षे सांगत आलो.

दोन वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गातील एक मुलगा शनिवारी दिसेनासा झाला. सोमवारी येई तो डोळे लाल, नाकाची कातडी सोललेली, आणि तिसऱ्या तासाला बाकावर डुलक्या. चौकशी केली तेव्हा कळले की, आश्वे-हरमलच्या बाजूस जे लोक फळ्या घेऊन लाटांवर स्वार होण्यास येतात, त्यांच्या फळ्या उचलणे, धुणे, आणि नवख्यांस पाण्यात धरून उभे करणे असले काम तो करतो. मुलाचे वडील रापणकार. त्यांस चार शब्द सुनवावेत म्हणून आम्ही एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला आणि म्हणाले, “मास्तर, तुमचे बरोबर आहे. पण आधी एकदा जाऊन तो काय करतो ते बघा. मग हवे तर मी आणि तुम्ही मिळून त्याला मारू.”

या खेळास सर्फिंग म्हणतात. त्याची जन्मभूमी पॅसिफिक महासागरातील बेटे, आणि त्यांतही हवाई. कॅप्टन कुकच्या सफरीवरील जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ मध्ये तेथील लोकांस फळीवर पालथे पडून फेसाळ लाटांतून किनाऱ्याकडे झेपावताना पाहिले आणि ते लिहून ठेवले. तेथील भाषेत या खेळाचे नाव ‘हे-ए नलु’, म्हणजे लाटेवरून सरकणे. राजे-सरदार लांबलचक फळ्या वापरीत, सामान्यांच्या फळ्या आखूड असत. हे ज्ञान आम्हांस अर्थातच नंतर झाले. त्या सकाळी आम्ही जे पाहिले ते इतकेच, की दहा-बारा सज्ञान स्त्री-पुरुष ओल्या वाळूवर ओळीने पालथे पडले आहेत, आणि आमचा विद्यार्थी त्यांच्यामधून हात पाठीमागे बांधून, थेट आमच्यासारखा, येरझारा घालतो आहे.

तो ओरडला की ती मंडळी तळहात बरगड्यांजवळ टेकीत, छाती उचलीत, आणि एका झटक्यात दोन्ही पाय पोटाखाली ओढून फळीवर आडवे रोवून उभी राहत. म्हणजे त्यांनी तसे व्हावे अशी अपेक्षा होती. बहुतेक जण गुडघ्यावर येऊन कोलमडत. आम्ही हसलो. हा तर जोराचाच अर्धा तुकडा आणि त्यापुढे अर्धी बैठक! आम्ही धोतर खोचले (रविवारी आम्ही धोतर नेसतो) आणि वाळूवर वीस वेळा, न थांबता, तो प्रकार करून दाखविला. टाळ्या पडल्या. मुलगा म्हणाला, “फार चांगले, सर. पण तुम्ही पायांकडे बघता. जिकडे बघाल तिकडे पडाल. पुढे बघा.” मग आमचा कोणता पाय पुढे यावा हे ठरविण्यासाठी त्याने न सांगता पाठीमागून आम्हांस धक्का दिला. तोल सावरण्यास जो पाय आपोआप पुढे पडतो, तोच लाटेवरही पुढे ठेवावयाचा असतो म्हणे. इतक्या वर्षांच्या अध्यापनात विद्यार्थ्याने आम्हांस ढकलण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर त्याने आम्हांस फळीवर निजविले आणि गुडघाभर पाण्यात सोडले. भीतीने आमचे काळीज लकलकत होते. परंतु दहा जणांदेखत मागे फिरणे तालमीच्या माणसास जमत नाही. “आता हातांनी वल्हवा,” तो म्हणाला. पालथे पडून, छाती व मान वर उचलून धरून, एकामागून एक हात पुढे लांब टाकायचा आणि पाणी मागे ओढायचे. आम्ही पाच मिनिटे वल्हविले असेल. दंड दगडासारखे जड झाले, मानेत कळ आली, कमरेतून काहीतरी निसटल्यासारखे वाटले, आणि फळी होती तेथेच होती. आमच्या उजव्या बाजूने पंधरा-सोळा वर्षांची एक काटकुळी मुलगी सपसप हात मारीत लाटांच्या पलीकडे निघून गेली.

घरी येऊन आम्ही विचार केला. एवढे कमावलेले शरीर पाच मिनिटांत का हरावे? कारण पुढे हळूहळू उमगले. कुस्तीचे बळ आवळण्याचे आहे. गडी छातीशी ओढायचा, दाबायचा, क्षणभर जीव खाऊन जोर लावायचा. खांद्यांभोवती मांसाचे जे गोळे चढतात, तेच हात डोक्यापुढे लांब जाऊ देत नाहीत. वल्हविण्यास हवा सैल खांदा, बगलेमागच्या स्नायूंचा टिकाऊपणा, आणि पाठीचा कणा तासन्‌तास किंचित उचलून धरण्याची सवय. त्यातून हे वल्हविणे म्हणजे खेळाची पूर्वतयारी नव्हे, हाच खेळ. स्पर्धांत उतरलेल्या सर्फरांच्या हालचाली संशोधकांनी सेकंदासेकंदाने मोजल्या आहेत. पाण्यातील निम्मा वेळ नुसते वल्हविण्यात जातो. उरलेल्यातला मोठा भाग फळीवर बसून लाटेची वाट पाहण्यात. प्रत्यक्ष लाटेवर उभे राहण्याचा वेळ शंभरात चार ते आठ भाग! चित्रात आपण जे पाहतो ते एवढेच. येथे अभ्यास आणि परीक्षा यांचा दृष्टान्त देण्याचा मोह आम्हांस होत आहे. पण तो आम्ही आवरतो, कारण तो मुलगाही हा अंक वाचणार आहे.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. का, ते सांगणे कठीण आहे. मुलाला वळणावर आणण्यासाठी, असे आम्ही घरी सांगितले. त्याच्याशी करार झाला : त्याने शनिवार बुडवू नये आणि रविवारी एक तास आमच्यापाशी व्याकरण करावे, त्याच्या बदल्यात एक तास आम्ही त्याचे ऐकावे. व्याकरणात तो शिष्य, वाळूवर तो वस्ताद. वस्ताद म्हणून तो कडक निघाला. आमच्या जोरांची संख्या त्याने निम्म्यावर आणली. त्याऐवजी भुजंगासन आणि शलभासन सांगितले. पालथे पडून छाती आणि पाय उचलून धरणे हेच वल्हविण्यातील आसन आहे, हे करून पाहिल्यावर पटते. हवाईतील पाइपलाइन नावाच्या भयंकर लाटेवर ज्याने नाव कमावले, तो गेरी लोपेझ तरुणपणापासून योगासने करीत आला आहे, हेही त्यानेच आम्हांस सांगितले. आमची आसने हवाईला जाऊन एका रापणकाराच्या मुलाच्या तोंडून आमच्याकडे परत आली, याची आम्हांस थोडी लाज वाटली. बाकी मऊ वाळूत अनवाणी चालणे, डोळे मिटून एका पायावर उभे राहणे, खांदे सैल करण्यासाठी काठी दोन्ही हातांनी धरून डोक्यावरून मागे नेणे, असले किरकोळ प्रकार होते. एका पायावर डोळे मिटून उभे राहणे किरकोळ आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने हे पान बाजूस ठेवून आत्ताच करून पाहावे.

त्या मुलाची दैवते दोन. पहिला ब्राझीलचा इतालो फेरेरा. त्याचे वडील मासे विकीत, आणि मासे ठेवण्याच्या थर्माकोलच्या पेटीचे झाकण घेऊन इतालो लहानपणी लाटांवर शिकला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांचे पहिले सुवर्णपदक त्यानेच मिळविले. “सर, तसली झाकणे आमच्या घरी चार आहेत,” एवढेच तो मुलगा म्हणाला, आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. दुसरी बेथनी हॅमिल्टन. हवाईतील ही मुलगी तेरा वर्षांची असताना, २००३ मध्ये, शार्कने तिचा डावा हात खांद्याजवळून तोडून नेला. महिना पुरा होण्याच्या आत ती पुन्हा फळीवर होती. लाट अंगावर आली की सर्फर दोन्ही हातांनी फळी दाबून लाटेखाली बुडी मारतो. एका हाताने ते साधत नाही. तिच्या वडिलांनी फळीला मधोमध एक मूठ बसवून दिली. पुढे तिने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. एका हाताने वल्हविताना फळी सरळ राखण्यासाठी तिला काय मेहनत करावी लागली असेल, याची कल्पना दोन हातांनी फळी गोल फिरविणाऱ्या आम्हांस चांगलीच आली.

आमचा मान मात्र या दोघांपलीकडील एका जुन्या पुरुषाकडे जातो. हवाईचा ड्यूक काहानामोकू हा १८९० मध्ये जन्मला. स्टॉकहोमच्या १९१२च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात त्याने सुवर्णपदक घेतले, आणि १९२० मध्ये अँटवर्पला पुन्हा घेतले. लाटेवरील स्वारी हवाईबाहेर नेणाऱ्यांत तो अग्रणी. त्याची एक फळी सोळा फूट लांब आणि सुमारे बावन्न किलो वजनाची होती. असली लाकडे वाहणे व वल्हविणे हीच त्या लोकांची तालीम. १४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियात कोरोना डेल मार येथे खवळलेल्या समुद्रात एक मासेमारीची नाव उलटली. नावेवर २९ माणसे होती. ड्यूक किनाऱ्यावर होता. फळी घेऊन तो त्या लाटांत शिरला, बुडणाऱ्यांस फळीवर घालून किनाऱ्याला आणले, आणि पुन्हा गेला, पुन्हा गेला. बारा जण वाचले. त्यांतील आठ एकट्या ड्यूकने वाचविले. सतरा मेले. ही हकीकत आम्ही रात्री वाचली आणि दिवा मालवल्यावरही ‘आठ’ हा आकडा डोळ्यांपुढून हलेना. ज्याला एकही साधला नाही, त्याला त्या आकड्याचे वजन कळते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पहिल्याच दिवशी मुलाने आमच्यापुढे एक अट घातली होती : कमरेच्या पुढे नेण्यापूर्वी पाण्यावर उताणे पडून तरंगता आले पाहिजे. लाटेने फळीवरून फेकले, दम संपला, हात थकले, तर माणसास विसाव्याची एवढीच जागा. आम्ही ती अट तीन महिने टाळली. आज पाठ धरली आहे, आज पाणी गार आहे, आज व्याकरणाचा तास लांबला. खरे कारण सांगण्यासारखे नव्हते. पाठ टेकायची, तीही पाण्याला! वस्तादांची काठी दारावर आपटल्याचा आवाज येई.

त्यात एक शास्त्रीय कुचंबणाही होती. चरबी पाण्याहून हलकी असते, स्नायू पाण्याहून जड. म्हणजे ज्या अंगासाठी आयुष्यभर दूध-बदाम खाल्ले, ते अंगच बुडण्यास लायक. मनुष्य तरंगतो तो मुख्यतः फुफ्फुसांतील हवेवर. श्वास भरून छाती वर ठेवली, मान मागे टाकली, हात डोक्याच्या बाजूस पसरले, म्हणजे जड पायांचा तोल साधतो. उलट हात वर काढून धडपडले, की जेवढे अंग पाण्याबाहेर येते तेवढ्याच प्रमाणात बाकीचे खाली जाते. आमचा जोडीदार अंगाने अगदी कोरीव होता. तालमीत त्याची वाखाणणी होई.

श्वासाचा अभ्यास मात्र आम्ही इमानाने केला. नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, मग थोडे रोखणे; तेही कोरड्या जमिनीवर बसून. यासंबंधी मुलाचा एक नियम फार कडक होता, आणि तो आम्ही येथे मुद्दाम नोंदवितो, कारण तळ्यात, नदीत ‘कोण जास्त वेळ बुडून राहतो’ असला खेळ पुष्कळ मुले खेळतात. एकट्याने पाण्याखाली श्वास रोखण्याचा सराव कधीही करू नये, आणि बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेऊ नयेत. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर अंगात कार्बन डायॉक्साइड साठला म्हणून. भराभर श्वासांनी तो आधीच बाहेर टाकला, तर धोक्याची घंटा वाजतच नाही. मनुष्य सुखात असतानाच बेशुद्ध होतो, आणि पाण्यात बेशुद्ध होण्याचा अर्थ सांगावयास नको.

डिसेंबरमधील एका सकाळी आम्ही, अट पुरी न करताच, छातीभर पाण्यात जाण्याचा हट्ट धरला. लाटा लहान होत्या. मुलाच्या भाषेत पिल्ले. तो नाखुशीने बाजूस चालत आला. एका लाटेने फळीचा मागचा भाग उचलला, नाक खाली खुपसले, आणि आम्ही डोक्यावरून पलीकडे गेलो. पाणी नाकात, कानात, डोळ्यांत. वर कोणते आणि खाली कोणते, काही कळेना. आणि आमच्या अंगाने, आम्हांस न विचारता, लढण्यास सुरुवात केली. आम्ही त्या पाण्याला कवळा घातला, लाथा मारल्या, ढाक काढला असेल नसेल, देव जाणे. डोळ्यांपुढे हिरव्या भिंती उभ्या राहिल्या. शेवाळ दिसले. हातभर उणा पडलेला पंचा दिसला, पण या खेपेस तो खालून दिसत होता. पायाला बांधलेल्या दोरीला हिसका बसला, कोणीतरी काखेत हात घातला, आणि आम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे होतो.

खोकला थांबल्यावर मुलाने विचारले, “किती वेळ होता खाली, सर?”

“एक मिनिट तरी असेल,” आम्ही म्हणालो.

“मी मोजले. चार.”

“चार मिनिटे?”

“चार सेकंद. तुम्ही पाण्याशी भांडला नसता तर दोनच लागले असते. त्याने तुम्हांला धरले नव्हते. तुम्हीच त्याला धरून ठेवले होते.”

त्या दिवशी वाळूवर बसून आम्ही त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. ती आम्ही आमच्या मुलांनासुद्धा सांगितलेली नाही. त्याने ऐकून घेतले. सांत्वनाचे काही बोलला नाही. या वयाची मुले बोलत नाहीत, हे बरे असते. इतकेच म्हणाला, “उद्या पहाटे भरती भरलेली असेल. खाडीच्या तोंडापासून दूर, खडकांच्या आडोशाला पाणी अगदी गप्प असते. याल?”

सोमवार होता, शाळा होती, तरी गेलो. उजाडत होते. कमरेइतक्या पाण्यात तो आमच्या शेजारी उभा राहिला आणि पाठीखाली तळहात धरला. आम्ही मागे रेललो. कान पाण्यात गेले आणि जग एकाएकी बंद झाले. लाटांचा गाज नाही, कावळे नाहीत, वस्तादांची काठी नाही. नुसता आपला श्वास, तोही दुसऱ्या कोणाचा असावा तसा मोठा. मान आखडली होती. त्याने दोन बोटांनी हनुवटी वर केली. पाठीखालचा तळहात होता, मग बोटे होती, मग एकच बोट होते. ते बोट केव्हा निघून गेले, हे आम्हांस आजतागायत सांगता येणार नाही. वर पाहिले तो फिकट निळे, एकही ढग नसलेले, सगळ्या बाजूंनी पुरे असे अस्मान! बावन्न वर्षांत पाठीवर पडून ते आम्ही कधी पाहिले नव्हते.

पुढे फळीवर उभे राहिलो काय? राहिलो. फेब्रुवारीत, फेसाच्या एका लहानशा लाटेवर, मुलाच्या मोजणीप्रमाणे तीन सेकंद. आमच्या मोजणीप्रमाणे जास्त होते. मुलगा शालान्त परीक्षेत दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला. मराठीत त्याला जे गुण पडले त्यांत आमचा वाटा किती, याविषयी त्याचे आणि आमचे मत भिन्न आहे. जीवरक्षकाचे शिक्षण घ्यावे असे त्याच्या मनात आहे.

गेल्या वर्षी आम्ही वर्गात विचारले, पोहता कोणाकोणास येते? चौतीस मुलांत अकरा हात वर झाले. समुद्र खिडकीतून दिसतो अशा शाळेत अकरा! मुख्याध्यापकांस भेटलो, पालकांची संमतिपत्रे मागविली. चार आयांनी नकार कळविला. त्यांच्या घरी आम्ही स्वतः गेलो; दोघींनी मानले. पावसाळा सरल्यावर, समुद्र निवला म्हणजे, रविवारी सकाळी त्याच खडकांच्या आडोशाला मुले येतात. फळी नाही, लाट नाही. आधी फक्त उताणे पडणे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. जोडीदाराची आई आता ऐंशीच्या पुढे आहे. दर वर्षी तिला नमस्कार करण्यास जातो. विहिरीचा विषय दोघेही काढीत नाही. आमच्या काळवंडलेल्या नाकाकडे पाहून तिने विचारले, “उन्हात कुठे राबतोस रे?” तेव्हा सांगावे लागले. समुद्रावर मुलांना तरंगावयास शिकवितो, असे सांगितले.

तिने हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाली, “खाऱ्या पाण्यात माणूस तरंगतो म्हणतात.”

“खारे पाणी थोडे जड असते, मावशी. शेकडा दोन-तीनने. त्याने सोपे जाते.”

“आणि गोड्या पाण्यात?”

आम्ही फार वेळ गप्प बसलो. तिला खोटे सांगण्याचा धीर झाला नाही.

“गोड्या पाण्यातही तरंगतो,” आम्ही म्हणालो. “कोणी शिकविले असेल तर.”

तिने मान हलविली. पदराने डोळे पुसले नाहीत, की काही बोलली नाही. उठून आत गेली आणि फराळाचे ताट घेऊन आली. त्यात चार चकल्या होत्या. दोन आमच्या हातावर ठेवल्या, आणि दोन कागदात बांधीत म्हणाली, “त्या पोराला दे.”